शाळा सुटल्यावर संगणक कक्ष गावासाठी उघडा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव, धुळे आणि नंदुरबार;
तसेच या तिन्ही जिल्ह्यांतील शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य यांना

विषय : जिल्हा परिषद शाळांमधील संगणक प्रौढांच्या शिक्षणासाठी खुले करण्याबाबत

महोदय, आणि समितीतल्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

मागणी आधी सांगते, कारणं मागून. ज्या जिल्हा परिषद शाळांत चालू स्थितीतले संगणक आहेत, तिथला संगणक कक्ष आठवड्यातून दोन-तीन वेळा, शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशी, गावातल्या मोठ्या माणसांसाठी उघडावा. तिथं शिकवणारं एक माणूस बसवावं आणि त्या माणसाला मानधन द्यावं. यासाठी नवी इमारत लागत नाही. कक्ष आहे, टेबलं आहेत, वीजजोडणी आहे. संध्याकाळी दाराला जे कुलूप लागतं, ते दोन तास उशिरा लावायचं आहे.

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. आता गावच्या वाचनालयात दोन जुन्या संगणकांवर मोठ्या बायामाणसांना शिकवते. पुढे जे लिहिते आहे ते तिथं रोज दिसणारं आहे.

गेल्या काही वर्षांत गावातल्या माणसाचं सरकारशी असलेलं बहुतेक सगळं कामकाज पडद्यावर गेलं. सातबारा ऑनलाइन निघतो. पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणीतून होते, आणि ती शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून करायची असते. कापूस सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने द्यायचा तर २०२५च्या हंगामापासून आधी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. पेन्शनरांचा हयातीचा दाखला, पीएम किसानची ई-केवायसी, रेशनकार्डाची ई-केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, केळीचा विमा, सगळं तसंच. यातली एकेक सोय चांगली आहे. तलाठी कार्यालयाच्या पायरीवर दिवस घालवण्यापेक्षा घरबसल्या उतारा मिळणं केव्हाही बरं. पण घरबसल्या तो मिळतो कुणाला? ज्याला साइट उघडता येते त्याला. बाकीचे मजुरी बुडवून ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर जातात, रांगेत उभे राहतात, कागदांची पिशवी काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “भाऊ, इतलं भरी दे.”

केंद्र चालवणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. दिवसभर गर्दी असते, मध्येच सर्व्हर बंद पडतो, निंदणी-वेचणीने झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही, आणि लोकांची बोलणी त्यांनाच खावी लागतात. त्यांचं काम फॉर्म भरून देण्याचं आहे. समोरच्या बाईला शेजारी बसवून, तिच्या हातात माउस देऊन, ‘आता तुम्ही भरा’ म्हणायला त्यांच्याकडे वेळ नाही, आणि त्या कामाचे त्यांना पैसेही मिळत नाहीत. म्हणून शिकण्याची जागा वेगळी लागते.

२०२५च्या सप्टेंबरात ‘माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. आपल्याकडच्या किती घरांतले पुरुष सुरतेला आहेत हे तुम्हाला सांगायला नको. उधना, लिंबायत भागात आपली केवढी वस्ती आहे, आणि दिवाळीला ताप्ती लाइनच्या गाड्या कशा भरून येतात, ते आपण सगळे बघतो. वाचनालयात आलेल्या एका बाईचा नवरा तिकडे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. तिच्या मोबाइलवरचा ओटीपी आला, तिने स्वतः भरला. दुसरा गेला सुरतेला. ती फोन लावत राहिली. लूमच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नाही, आणि मोबाइल होता खुंटीवरच्या पिशवीत. दहा मिनिटं उलटली, ओटीपी बाद. पुन्हा मागवला, तोही बाद. दुपारी जेवणाच्या सुटीत त्याचाच फोन आला. नव्याने मागवलेला ओटीपी त्याच्याकडे पोचला, त्याने आकडे वाचले, हिने भरले, पण चुकीचे आले. तो आधीच्या मेसेजमधले आकडे वाचत होता. ते तिच्या लक्षात आलं. मी बोलायच्या आत तीच फोनवर म्हणाली, “सगळास्ना वर जो शे तोच वाच. येळ देख त्यान्हावरनी.” म्हणजे सगळ्यांत वर आहे तोच वाच, त्यावरची वेळ बघ. आणि काम झालं. नंतर रांगेतल्या दुसऱ्या बाईला तिनेच समजावून सांगितलं की नवा ओटीपी मागवला की जुना मरतो.

केंद्रावर तिचं हे काम कदाचित लवकर झालं असतं. पण नवा ओटीपी आला की जुना बाद होतो हे तिला तिथं कुणी सांगितलं नसतं, आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा तितकीच अडली असती.

ओटीपीवरून अधिक गंभीर गोष्ट सांगते. बँक बजावते की ओटीपी कुणालाही सांगू नका. आणि गावातल्या ज्या माणसाला स्वतः फॉर्म भरता येत नाही, त्याचं एकही काम ओटीपी सांगितल्याशिवाय होत नाही. केंद्रावर सांगायचा, शेजारच्या पोराला सांगायचा, रेशनच्या ई-केवायसीला सांगायचा. वर्षानुवर्षं लागलेली ही सवय. मग एखाद्या दुपारी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन येतो, समोरचा मोबाइलवर आलेले आकडे विचारतो, आणि माणूस ते सांगून टाकतो. कापसाचे, केळीचे, निराधार योजनेचे पैसे क्षणात जातात. लोक त्याला अडाणी म्हणतात. त्याने इतकी वर्षं जे केलं तेच त्याही दिवशी केलं, एवढंच. आमच्या वर्गात सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये सेव्ह करतो आणि कसा लावायचा ते दाखवतो, कारण पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन होईल तितकी ते पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त. पण पोस्टर लावून ही सवय सुटत नाही. स्वतःचा फॉर्म स्वतः भरता आला, तर ओटीपी दुसऱ्याला सांगायची गरजच उरत नाही.

शासनाने यावर काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. एमएस-सीआयटी २००१पासून आहे आणि तिने खानदेशातल्या हजारो मुलामुलींना नोकरीच्या दारापर्यंत नेलं. पण तो नोकरी शोधणाऱ्यांचा अभ्यासक्रम आहे, फी आहे, परीक्षा आहे. २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आलं. ग्रामीण भागातल्या सहा कोटी घरांतून प्रत्येकी एका माणसाला शिकवायचं, वय १४ ते ६०, अभ्यासक्रम २० तासांचा. मार्च २०२४ अखेर ते संपलं तेव्हा देशभरात ६ कोटी ३९ लाख लोकांचं प्रशिक्षण झालेलं होतं. हे काम लहान नाही. तरी आमच्या वर्गात त्याचं प्रमाणपत्र घेऊन बाया येतात, आणि माउस धरताना हात थरथरतो. कारण २० तास संपले आणि नंतर त्यांना बसायला संगणकच नव्हता. मे महिन्याच्या सुटीत पोरं पाढे विसरतात, ते आपण शिक्षक दरवर्षी बघतो. इथं तर सुटी संपलीच नाही. आणि साठीच्या पुढच्यांना त्या अभियानात जागाच नव्हती. हयातीचा दाखला काढायची गरज कुणाला असते? त्यांनाच.

म्हणून माझा आग्रह जागेचा आहे. एकदाच होणाऱ्या शिबिरापेक्षा, वर्षभर ठरलेल्या वेळी उघडं असणारं दार हवं. अडलं की येता यावं, विसरलं की पुन्हा विचारता यावं.

यात बाया किती मागे आहेत ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत दिसतं. देशात १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ५७.१ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, आणि स्त्रियांपैकी ३३.३ टक्क्यांनी. म्हणजे तिघींतली एक. पन्नाशीच्या पुढच्या बाया या आकड्यात धरलेल्याही नाहीत.

नंदुरबारच्या साहेबांना एक आठवण करून द्यायची आहे. देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी, तिथल्या एका महिलेला दिलं गेलं. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः आले होते. २०११च्या जनगणनेत याच जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याची ८२ टक्क्यांच्या वर. आधारवर चालणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेची सुरुवात जिथून झाली, तिथल्या माणसाला ती वापरायला शिकवण्याचं कामही तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. अजून वेळ गेलेली नाही.

हे शक्य आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी केरळ आहे. तिथं २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ प्रकल्प सुरू झाला, घरटी एका माणसाला संगणक शिकवायचा म्हणून. पुढे २०२२ मध्ये पुल्लमपारा ही ग्रामपंचायत संपूर्ण डिजिटल साक्षर झाली. स्वयंसेवक घरोघरी गेले, रोजगार हमीच्या कामावर जाऊन शिकवलं. तेच काम राज्यभर नेऊन २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळने स्वतःला डिजिटल साक्षर राज्य जाहीर केलं. वयाची वरची मर्यादा ठेवली नाही. नव्वदीच्या पुढचेही शिकले. पुल्लमपारा जे करू शकली ते आपल्या ग्रामपंचायतीही करतील, फक्त त्यांना जागा आणि माणूस द्या.

आता शिकवण्याबद्दल थोडं, कारण अभ्यासक्रम वर बसून ठरतात आणि खाली फसतात.

मोठी माणसं संगणकाला घाबरतात ती वस्तू मोडेल म्हणून. “दाबू का बाई? काही बिघडी जावाव नही ना?” हा पहिला प्रश्न. दुसऱ्याची वस्तू आहे, भरून द्यावी लागली तर कुठून देणार, ही त्यामागची धास्ती. म्हणून मी पहिल्या दिवशी संगणक त्यांच्याच हाताने चालू-बंद करायला लावते. माउस टेबलाच्या कडेला पोचला की त्या थांबतात. उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि मराठी टायपिंग. केंद्रावरची मुलं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात, आणि शिकवणारेही तेच शिकवायला जातात. ज्या बाईला फक्त मराठी वाचता येतं, तिने आधी एबीसीडी शिकायची आणि मग ‘क’ लिहायचा? इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरांच्याच कळफलकात त्याची गरज नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. बटणांवर अक्षरांची चिकटपट्टी लावली की चौथी शिकलेली बाईसुद्धा पहिल्या बैठकीत आपलं नाव लिहून उठते. नावात जोडाक्षर असेल तर त्याच दिवशी हलन्त, म्हणजे अक्षर अर्धं करणारी खूणही शिकते.

नाव झालं, गाव झालं, की पुढचा धडा बचत गटाच्या हिशेबाचा. वहीतले हप्ते एकेका रकान्यात भरायचे आणि खाली बेरीज मागायची. एका गटाची सचिव बाई आलेल्या बेरजेकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदराने चष्मा पुसून बोटांवर मोजायला लागली, दोनदा मोजलं, आणि वहीतली बेरीज पेनाने दुरुस्त केली. संगणकावर तिचा विश्वास बसला तो तिथं. कुठल्याही ‘संगणकाचे महत्त्व’ या धड्याने तो बसला नसता.

शिकवणाऱ्याला अहिराणी यायला हवी, सातपुड्यात पावरी किंवा भिली. परक्या प्रमाण भाषेत सूचना आल्या की मान हलते आणि हात थांबतो.

वेळेचंही ऐका. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ कागदावर छान दिसते, पण तेव्हा चूल पेटलेली असते. वेचणीच्या दिवसांत तर बाई अंधार पडताना घरी येते. आमच्याकडे सगळ्यांत चांगली हजेरी बाजाराच्या दिवशी दुपारी असते. त्या दिवशी मजुरीचा पगार होतो, शेतात कामं बंद असतात, बाया गावात येतात. त्यामुळे जिल्हाभर एकच वेळापत्रक लावू नका. ज्या गावाचा बाजार ज्या दिवशी, त्या दिवशी तिथला कक्ष उघडा. बाजार रविवारी असेल तर शाळा रिकामीच मिळेल; इतर दिवशी असेल तर दुपारी एखादा तास वर्गाच्या वेळापत्रकातून काढावा लागेल, आणि मुख्याध्यापक तो काढू शकतात.

आता शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. म्हणजे शाळेच्या प्रत्येक वस्तूवर तुमची देखरेख आहे. तुम्ही ठरावावर सही करता, पोषण आहाराची चव घेता, आणि ज्या संगणकात तुमच्या मुलांची माहिती भरली जाते तो मात्र तुमच्यातल्या बहुतेकींनी स्वतःच्या हाताने उघडलेला नाही. पुढच्या मासिक सभेत कक्ष गावासाठी उघडण्याचा विषय तुम्हीच मांडा. पहिल्या तुकडीत तुम्हीच बसा. आई संगणकावर बसलेली पोराने पाहिली की त्याचं शिक्षणही सुधारतं, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

अडचणी मला माहीत आहेत. पहिली म्हणजे शिक्षक. हे काम शिक्षकांच्या गळ्यात अजिबात घालू नका. मतदार याद्या, सर्वेक्षणं, रोजची ऑनलाइन माहिती यांनी ते आधीच वाकलेले आहेत. गावात एमएस-सीआयटी झालेली, बारावी-पदवी होऊन घरी बसलेली मुलगी असतेच. तिला नेमा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून तिचं मानधन द्यायला हरकत असू नये. सोबतीला विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं घ्या. त्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करायचंच असतं. त्यातले काही तास कळफलकापाशी जाऊ द्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं कार्यक्षेत्र हेच तीन जिल्हे आहेत, त्यामुळे एका पत्राने हे जुळू शकतं.

दुसरी अडचण नादुरुस्त संगणकांची. अनेक शाळांत ते कापडाखाली झाकून ठेवलेले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० या संगणक प्रणालीला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाल्यामुळे सरकारी आणि खासगी कार्यालयांतूनही बरेच चालते संगणक भंगारात निघतील. ते फेकू नका, विकू नका. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली मोफत बसते, लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस मोफत मिळतं, मराठी चालतं. केरळच्या शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवरच चालतात. आमच्या वाचनालयातले दोन्ही संगणक असेच एका कार्यालयाने काढून टाकलेले आहेत. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारं, लिनक्सवर चालणारं ऑर्का हेही मोफत आहे. एका कक्षात एका संगणकावर ते असावंच.

विजेचं म्हणाल तर खानदेशात ऊन कमी नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. चार संगणक आणि एक पंखा चालवायला शाळेच्या छपरावर मोजकी पॅनेलं पुरतात.

तिसरी अडचण धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांची. रेंज नाही. पण टायपिंग, हिशेब, फाइल साठवणं, फॉर्म कसा वाचायचा, हे इंटरनेटशिवाय शिकता येतं, आणि रेंज येईपर्यंत हात तयार होतो. तिथल्या आश्रमशाळा आपल्या अखत्यारीत नाहीत, त्या आदिवासी विकास विभागाच्या आहेत, हे मी जाणते. नंदुरबारच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी प्रकल्प अधिकाऱ्यांशी बोलावं, एवढी विनंती.

चोरीची, मोडतोडीची भीती समित्यांच्या बैठकीत निघेल. कक्षात नोंदवही ठेवा, किल्ली दोघांकडे ठेवा. वाचनालयात आजवर आमचा एक माउसही गेलेला नाही.

तिन्ही जिल्ह्यांत मिळून २५ तालुके आहेत. सुरुवातीला प्रत्येक तालुक्यात तीन शाळा घेतल्या तरी ७५ कक्ष होतात. पुढच्या कापूस नोंदणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबरपूर्वी, हे ७५ उघडले तर त्या हंगामात किती शेतकरी स्वतःची नोंदणी स्वतः करतील याचा हिशेब आपल्याकडेच राहील. त्यासाठी पहिलं पाऊल म्हणून आपल्या शिक्षण विभागाने कोणत्या शाळेत किती संगणक आहेत, त्यातले किती चालू आहेत, याची यादी महिन्याभरात जाहीर करावी. ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागू द्या, म्हणजे गावालाही कळेल की आपल्या शाळेत काय आहे.

अमळनेर तालुक्यातला पहिला कक्ष ज्या शाळेत उघडेल तिथं बाजाराच्या दिवशी येऊन शिकवायला मी मानधनाशिवाय तयार आहे. माझ्यासोबत त्याच गावातली एक मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून मानधनावर नेमा, कारण पुढे तो कक्ष तिलाच चालवायचा आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अमळनेर तालुका, जि. जळगाव